अठ्ठेचाळीस आकडे

दुरुस्तीला येणारा लॅपटॉप बहुतेक वेळा एक वाक्य सोबत घेऊन येतो. 'चालूच होत नाही', 'लई गरम होतंय', 'पोरानं चहा सांडला'. या वाक्यातच निम्मं दुखणं कळतं. अलीकडे मात्र माझ्या जालन्याच्या दुकानात एक नवं वाक्य वारंवार ऐकू येतं, आणि त्यातून काहीच कळत नाही : 'ताई, सी उघडतंय, डी उघडत नाही.'

स्क्रीनवर डी ड्राइव्हच्या चित्रावर पिवळं कुलूप असतं. त्यावर क्लिक केलं की अठ्ठेचाळीस आकड्यांची रिकव्हरी की मागितली जाते. समोरच्या माणसाने ती कधी पाहिलेलीही नसते. 'मी कुलूप लावलंच नाही' असं तो शपथेवर सांगतो, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं.

डी ड्राइव्हला आपल्याकडे इतकं महत्त्व का आलं, ते आधी सांगायला हवं. गेल्या वीसेक वर्षांत प्रत्येक दुकानदाराने प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच सल्ला दिला : सगळं डीमध्ये ठेवा, सी फॉरमॅट झालं तरी डीला धक्का लागत नाही. सल्ला बरोबरच होता. विंडोज बिघडलं की सी पुसायचं, नवं विंडोज टाकायचं, अन् डी जसंच्या तसं. पुढे एसएसडी आल्या. जुन्या लॅपटॉपमध्ये विंडोजसाठी छोटी एसएसडी बसवायची आणि मूळची मोठी हार्डडिस्क डीव्हीडीच्या जागी कॅडीत टाकून डी म्हणून वापरायची, हे काम मी स्वतः असंख्य वेळा केलंय. त्यामुळे आज जालन्याचं जे काही जमा झालेलं आहे, ते डीवर आहे. मोंढ्यातल्या आडत्याचा टॅलीचा बॅकअप, रोलिंग मिलच्या हिशेबनिसाच्या जुन्या वर्षांच्या फायली, बियाणे कंपनीच्या फील्डवरच्या माणसाने काढलेले प्लॉटचे फोटो, मोसंबीच्या बागेच्या अनुदानाची कागदपत्रं, लग्नाचे अल्बम, पोरांचे दाखले. सी म्हणजे यंत्र आणि डी म्हणजे घर, अशी ही वाटणी.

या घराला कुलूप कधी लागलं? विंडोजमधली बिटलॉकर ही सोय २००७ च्या व्हिस्टापासूनची, पण आपल्याकडे तिचं नावही कुणी घेत नव्हतं. पहिल्यांदा ती आली कंपन्यांच्या लॉटमधून निघालेल्या सेकंडहँड लॅपटॉपांबरोबर. त्यांत विंडोजची प्रो आवृत्ती असते, आणि घरातल्या एखाद्या हुशार मुलाने उत्साहाने बिटलॉकर चालू केलेलं असतं. दुसरी लाट मोठी. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती २०२४ च्या शरदात आली. ती कोरी टाकली आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं, तर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं, आणि आत बसवलेली दुसरी डिस्कही त्यात येते. न विचारता, न सांगता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, आणि त्याच्या आगेमागे अर्ध्या गावाने अकरा टाकून घेतलं. कुलपं लागली ती तेव्हा.

आता खरी मेख. डी कुलूपबंद असूनही रोज आपोआप उघडत असतं, कारण त्याची किल्ली विंडोज सीमध्ये ठेवतं. आतल्या खोलीची किल्ली बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगावी, तसं. रोज ये-जा करणाऱ्याला आतल्या दाराला कुलूप आहे हे कळतही नाही. मग एक दिवस एसएसडी मरते, किंवा कुणी सवयीने सी फॉरमॅट मारतं, आणि खिळा किल्लीसकट जातो. 'सी गेलं तरी डी राहतं' हे वाक्य अजूनही खरं आहे. राहतं, पण उघडत नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न यंत्राला नसतो, माणसाला असतो. हा लॅपटॉप पहिल्यांदा चालू कुणी केला? कोणत्या ईमेलने? विंडोज शेवटचं कुणी टाकलं? तुमच्या आधी कुणाचा होता? लोकांना हे चौकशीसारखं वाटतं. 'ताई, तुम्ही मशीन बघा की, आम्हाला काय विचारायलात?' असं एकाने वैतागून म्हटलंही. पण एन्क्रिप्शनचं काम हे तीन हिस्से आठवण आणि एक हिस्सा तंत्र आहे, असं माझं ठाम मत झालंय. हे कुलूप जोर लावून उघडत नाही. ते कुणी, कधी आणि कोणाच्या नावाने लावलं हे कळलं, तरच उघडतं.

तंत्राचा हिस्साही टाळता येत नाही. डिस्क खरोखर कुलूपबंद आहे की खराब झालीय, हे आधी ठरवावं लागतं, कारण दोन्हींत विंडोज कधीकधी एकच वाक्य फेकतं : ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा. या वाक्याने जिल्ह्यातले किती फोटो गिळले असतील, देव जाणे. मी डिस्क बाहेर काढून दुसऱ्या यंत्राला जोडते आणि तिचा अगदी पहिला भाग कच्च्या स्वरूपात वाचते. तिथे 'एफव्हीई-एफएस' ही अक्षरं दिसली की ते बिटलॉकर आहे, डिस्क जिवंत आहे आणि घाई करायची नाही. डिस्क आवाज करत असेल, वाचताना अडखळत असेल, तर आधी तिची बिट-न्-बिट नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि पुढचं सगळं त्या नकलेवर करायचं. कुलपाची माहिती बिटलॉकर डिस्कवर तीन ठिकाणी लिहून ठेवतं. त्यामुळे एक जागा खराब झाली तरी दुसरीवरून काम निघतं, पण की हातात असेल तरच.

त्यानंतर काळ्या खिडकीत 'मॅनेज-बीडीई' ही आज्ञा देऊन त्या कुलपाचा ओळख क्रमांक काढायचा. पुढची निम्मी भांडणं हा क्रमांक मिटवतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात रिकव्हरी कींचं पान उघडलं की तिथे बऱ्याचदा दोन-तीन की दिसतात. एकीपुढे ओएसव्ही लिहिलेलं असतं, ती सीची. दुसरीपुढे एफडीव्ही, ती डीची. लोक वरची पहिली की घालतात, ती चालत नाही, आणि 'खात्यातलीही चुकीची निघाली' म्हणून हातपाय गाळतात. ओळख क्रमांकाची पहिली आठ अक्षरं जुळवली की कोणती की कोणत्या दाराची, ते स्वच्छ कळतं. एका भंगार व्यापाऱ्याचं डी असं काही मिनिटांत उघडलं. मात्र त्याआधी ज्या मुलाच्या ईमेलने लॅपटॉप सुरू केला होता, तो मुलगा शोधायला बराच वेळ गेला. तो नोकरी सोडून वाळूजला गेला होता. त्याने फोनवर खातं उघडलं, आकडे वाचून दाखवले, आणि पगारातले राहिलेले पैसे कधी देणार, तेही विचारलं. मालकाने त्याच संध्याकाळी दिले.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते अंबड तालुक्यातल्या एका सरांनी. गणिताचे शिक्षक, निवृत्त. मुलगा पुण्याला कंपनीत. त्याने आपला जुना लॅपटॉप वडिलांना दिला, डीवर बिटलॉकर चालू केलं, की पेनड्राइव्हवर टाकली आणि बजावलं, 'बाबा, ही लिहून ठेवा.' सरांनी ती डायरीत लिहून ठेवली. पुढे एसएसडी गेली, पेनड्राइव्ह तर केव्हाच हरवला होता. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना सांगितलं गेलं की फॉरमॅटशिवाय इलाज नाही. सर डायरी घेऊन माझ्याकडे आले. 'ताई, फॉरमॅट मारायचं म्हणायलेत. माझ्याकडे आकडे आहेत, पण ते घेत नाही.'

डीमध्ये होतं काय? २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळला, मोसंबीच्या उभ्या बागा वाळून गेल्या. त्या वर्षापासून सरांनी गावातल्या विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजून ठेवली होती. सोबत पाऊस, सोबत फोटो. कोणती विहीर कोणत्या महिन्यात तळ दाखवते, कोणत्या बोअरनंतर शेजारची विहीर उतरली. ही नोंद दुसरीकडे कुठेही नव्हती.

डायरीतले आकडे देवनागरीत होते. निळी शाई, घाईतलं अक्षर, आणि पानाच्या कडेला पाणी लागून पसरलेलं. १ आणि ९ सारखेच दिसत होते. डी उघडण्याच्या खिडकीत की घातली की 'चुकीची आहे' एवढंच उत्तर येतं, कुठे चुकली ते कळत नाही. शंकास्पद आकडे इतके, की सगळ्या जोड्या करून बघायच्या म्हटलं तर दिवस पुरले नसते.

इथे बिटलॉकरची एक रचना कामी येते, आणि ती दुकानदारीत असलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. अठ्ठेचाळीस आकडे म्हणजे सहा-सहा आकड्यांचे आठ गट, आणि प्रत्येक गट अकराने निःशेष भागला जातो. मुद्दाम तसा केलेला असतो. मूळ संख्या शून्य ते ६५,५३५ यांमधली असते, तिला अकराने गुणून गट तयार होतो. म्हणजे कोणताही गट ७,२०,८८५ च्या वर जाऊच शकत नाही. ८ किंवा ९ ने सुरू होणारा गट दिसला की तो हमखास चुकीचा वाचलेला. आणि एखादा आकडा बदलला, किंवा शेजारचे दोन आकडे उलटेपालटे झाले, तर अकराने भाग जाणं थांबतं.

मी हे सांगितलं आणि सर खुर्चीत सरळ बसले. 'अकराची कसोटी? अहो, स्कॉलरशिपच्या पोरांकडून पिढ्यान्‌पिढ्या घोटून घेतलीय ती.' त्यांनी माझ्या टेबलावरचं बिलबुक ओढलं, कोरं पान उलटं केलं आणि मांडणी सुरू केली. एक सोडून एक आकड्यांची बेरीज, उरलेल्यांची बेरीज, दोन्हींतला फरक शून्य किंवा अकराच्या पटीत आला तर गट खरा.

कसं चालतं ते नमुन्याने सांगते. आकडे त्यांचे नाहीत, पद्धत तीच. समजा गट वाचला २९६०९५. पहिला, तिसरा, पाचवा आकडा : २, ६, ९ मिळून १७. दुसरा, चौथा, सहावा : ९, ०, ५ मिळून १४. फरक ३. नापास. आता या गटात १ की ९ अशी शंका दोन जागी आहे, दुसऱ्या आणि पाचव्या. म्हणजे शक्यता चार. दुसरा आकडा १ धरला, पाचवा ९ च ठेवला, तर २१६०९५. बेरजा १७ आणि ६, फरक ११. पास. उरलेल्या दोन शक्यता, २१६०१५ आणि २९६०१५, दोन्ही नापास. चारांतून एकच उरली.

सरांच्या डायरीत सहा गट पहिल्याच फेरीत पास झाले. एक गट ९ ने सुरू होत होता, म्हणजे तो १ च. दुसऱ्यात दोन आकडे शंकेचे होते, कसोटीने एकच जोडी शिल्लक ठेवली. सरांनी आठही गट खाली स्वच्छ अक्षरात लिहिले, प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली, वही तपासताना करतात तशी. मी की घातली. डी उघडलं.

मी त्यांना काही बघू दिलं नाही, आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. हा माझा नियम आहे : उघडल्यावर पहिलं काम कॉपी, कौतुक नंतर. मग त्यांनी २०१३ च्या मे महिन्याचं पान उघडलं आणि मला विहिरींची नावं वाचून दाखवत बसले. पाटलाची, देवळामागची, बौद्धवाड्यातली, गायरानातली. गिऱ्हाईकं खोळंबली होती, थांबू दिली.

सगळ्यांचं असं होत नाही, हे सांगायलाच हवं. भोकरदनकडचा एक लग्नाचे फोटो काढणारा तरुण आला होता. की नाही, खातं आठवत नाही, आणि येण्याआधी कुणीतरी डीवर फॉरमॅट मारून वर नवा डेटाही टाकलेला. त्याला मोठ्या शहरातल्या कुणीतरी फोनवर सांगितलं होतं की बिटलॉकर 'तोडून' देतो, आधी पैसे पाठवा. मी त्याला बसवून समजावलं. या कुलपाच्या किल्ल्या किती असू शकतात, तर दोनाचा १२८ वा घात, म्हणजे एकोणचाळीस आकडी संख्या. जगातले सगळे संगणक लावून एकेक किल्ली घालून बघितली तरी ते काम माणसाच्या काळात संपणार नाही. किल्लीशिवाय उघडतो म्हणणारा खोटं बोलतोय, पैसे पाठवू नकोस. त्याचे पैसे वाचले, पण लग्नं गेली. त्या जोडप्यांना तो काय सांगणार, हे मला आजही सुचत नाही.

असं काही घडलं की आसपासचे लोक म्हणतात, हे एन्क्रिप्शनच बंद करून टाका. गिऱ्हाइकांनाही तसाच सल्ला मिळतो : सेटिंगमध्ये जा, बंद करा, कटकट मिटवा. मी तो देत नाही. माझ्याकडे इंजिनिअरिंगच्या, नर्सिंगच्या मुली येतात. लॅपटॉप देताना त्यांचे हात घट्ट असतात. कुठल्यातरी दुकानात ठेवलेल्या लॅपटॉपमधले फोटो कुणीतरी चाळले, हे त्यांतल्या काहींच्या बाबतीत घडलेलं आहे. कुलूप नसलेली डिस्क बाहेर काढून दुसऱ्या यंत्राला जोडायला दोन मिनिटं लागतात. विंडोजचा पासवर्ड तिथे काही कामाचा नाही. एसटीत, रेल्वेत बॅग चोरीला गेली, तर आधार, पॅन, सातबारा, बँकेचे कागद, घरातल्या बायकांचे फोटो सगळं उघड्यावर. त्या पिवळ्या कुलपामुळे चोराच्या हाती रिकामा पत्रा लागतो. कुलूप राहिलंच पाहिजे. चूक आहे ती किल्ली न सांगता कुठेतरी ठेवून देण्यात, आणि माणसाला ती कुठे आहे हे ठाऊक नसण्यात.

हे फक्त आपल्या गावातलं दुखणं नाही. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवतो. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले विंडोज संगणक निळे पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. दुरुस्ती तशी साधी होती, एक फाईल पुसायची. पण ती प्रत्येक यंत्रापाशी जाऊन करायची होती, आणि जिथे बिटलॉकर होतं तिथे आधी हेच अठ्ठेचाळीस आकडे हवे होते. काही मोठ्या कंपन्यांत तर ते आकडे ज्या सर्व्हरवर ठेवलेले, तो सर्व्हरच निळा पडलेला. मी त्या दिवशी बातम्या वाचताना सरांच्या निळ्या शाईच्या डायरीचा फार आदराने विचार केला.

अलीकडे घनसावंगीकडून एक बाई आल्या. नवरा दीड वर्षापूर्वी गेला. पीक विम्याचे, ठिबकच्या अनुदानाचे, जमिनीच्या मोजणीचे सगळे कागद त्याच्या लॅपटॉपच्या डीमध्ये, आणि दिराने चांगल्या हेतूने नवं विंडोज टाकून आणलेलं. सोबत दीर होता, तोच बोलत होता. मी बाईंना विचारलं, 'वहिनी, दादांचं ईमेल कुठलं होतं?' त्यांना ईमेल माहीत नव्हतं, पण नवऱ्याचा मोबाइल त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. चालू होता. दीर म्हणाला, 'आम्ही सांगितलं होतं, बंद करा, उगा रिचार्जला पैसे.' त्या म्हणाल्या, 'मोंढ्यातल्या लोकांचे फोन येतेत अजून. उधारी-उसनवारीचं कळतं. म्हणून चालू ठेवला.'

तेवढ्यावर सगळं निभावलं. बरेच महिने रिचार्ज नसता तर नंबर बंद झाला असता, पुढे दुसऱ्याच कुणाला गेला असता, आणि खात्याचं दार कायमचं लागलं असतं. ईमेल त्या फोनमध्येच सापडलं. खात्याने ओळख पटवायला त्याच नंबरवर आकडे पाठवले, बाईंनी ते वाचून दाखवले. पानावर दोन की होत्या, एक ओएसव्ही, एक एफडीव्ही. ओळख क्रमांकाची आठ अक्षरं बाईंनी स्वतः स्क्रीनवर बोट ठेवून जुळवली. डी उघडलं, कागद उतरवून घेतले, मोजणीचा नकाशा छापून दिला.

मग मी जुनी की काढून नवी तयार केली आणि विचारलं, ही कुणाकडे ठेवायची? दिराने हात पुढे केला. बाई म्हणाल्या, 'माझ्याकडे द्या. दोन कागदांवर लिहा. एक सातबाऱ्याच्या फायलीत ठेवीन, एक माहेरी भावाकडे देईन.' मी दोन्ही कागद लिहिले, आकडे सुटे आणि मोठे, गटांमध्ये जागा सोडून. बाईंना अकराची कसोटी शिकवली. दोन्ही कागदांवरचे आठही गट त्यांनी तिथेच बसून तपासले, आणि मग पिशवी बंद केली.